मार्टिन लूथर आणि आईच्या घरची बोली

मनुष्य कोणत्या मुलखांतला आहे हें त्याच्या पोषाखावरून कळेलच असें नाहीं. परंतु त्यानें चार शब्द बोलतांच तें बहुधा उघड होतें. मुलाला घाटावर पोरगा म्हणतात, वऱ्हाडांत पोट्टा म्हणतात, मालवणाकडे झील म्हणतात, आणि खानदेशांत अहिराणी बोलणाऱ्या घरीं आंडोर म्हणतात. लेंकरूं एकच, आईची मायाही एकच. शब्द मात्र ज्या घरीं व ज्या शिवारांत आपण वाढलों तेथला आपल्या तोंडीं बसतो, आणि तो सहसा मरेपर्यंत सुटत नाहीं. प्रभूच्या शिष्यांसही ही गोष्ट चुकली नाहीं. प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणांत पेत्र शेकत बसला असतां, तो गालीलकर आहे हें तेथल्या लोकांनीं त्याच्या बोलण्यावरूनच ओळखिलें.

पुष्कळ माणसें या गोष्टीचा विचार न करितांच जन्म काढितात. परंतु एका माणसाला हा विचार करणें भाग पडलें. कारण सर्व राष्ट्राला समजेल असें पुस्तक त्याला द्यावयाचें होतें, आणि त्या राष्ट्रांत सर्वांना समजेल अशी एक भाषाच नव्हती. तो माणूस म्हणजे मार्टिन लूथर होय. पोपाशीं झालेला त्याचा वाद आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगूं, आणि त्याच्या तोंडच्या शब्दांची हकीकत जरा विस्तारानें देऊं.

लूथर याचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं जर्मनींतील आइस्लेबेन या गांवीं झाला. दुसऱ्या दिवशीं संत मार्टिन याचा सण होता. त्या दिवशीं बाळाचा बाप्तिस्मा झाला व तेंच नांव त्याला मिळालें. त्याचे वडील हान्स हे थुरिंगिया प्रांतांतील एका शेतकरी कुळांतले होते. आई मार्गारेथा ही त्याच प्रांतांतील आइसेनाख शहरच्या घराण्यांतली होती. मुलगा वर्षाचा होतो न होतो तोंच, म्हणजे १४८४ सालीं, हें कुटुंब मान्सफेल्ड येथें राहावयास गेलें. तेथें तांब्याच्या खाणी होत्या. हान्स यांनीं खाणीच्या धंद्यांत पडून पुढें तांबें गाळण्याच्या भट्ट्या चालविल्या, आणि अंगमेहनतीनें आपल्या घराला बरे दिवस आणिले.

मान्सफेल्डच्या जागेविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. जर्मनीचा उत्तर भाग सपाट व समुद्राकडे उतरता आहे. दक्षिण भाग डोंगराळ आहे. आपल्याकडे जसा घाट व तळकोकण हा भेद आहे, तसाच तेथें डोंगरी मुलूख व सखल मुलूख असा भेद मानितात, आणि दोहोंकडच्या बोली इतक्या निराळ्या कीं, उत्तरेचा शेतकरी व दक्षिणेचा शेतकरी यांना एकमेकांचें बोलणें मोठ्या कष्टानें समजावें. या दोन मुलखांच्या मध्यें एक पट्टा आहे. तेथली बोली दोहोंच्या मधली. मान्सफेल्ड हें या मधल्या पट्ट्याच्या अगदीं उत्तरेच्या कडेवर होतें. घरांत आईबापांची थुरिंगियाची बोली, खाणींत मजुरांची बोली, आणि थोडें उत्तरेस गेलें कीं सखल प्रांताची बोली, अशा तीन तऱ्हा त्या मुलाच्या कानांवरून लहानपणींच गेल्या. एकाच वस्तूला दोन नांवें असूं शकतात, हें त्याला पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं.

त्या घरचें बोलणें साधें, रोखठोक व म्हणींनीं भरलेलें असे. भूमीखालीं काम करणारा मनुष्य शब्द मोजून व जोरानें बोलतो. लूथर याला म्हणींची आवड जन्मभर राहिली. मोठेपणीं, विद्यापीठाचा आचार्य झाल्यावरही, त्यानें सुमारें ५०० जर्मन म्हणी स्वतःच्या हातानें उतरून ठेविल्या होत्या.

पण शाळेंत या बोलीला जागा नव्हती. मान्सफेल्डच्या शाळेंत लॅटिन शिकवीत, आणि मुलांनीं आपसांत जर्मन बोलण्याची मनाई असे. मुलांपैकींच एकाला गुप्त पहारेकरी नेमीत. त्याला लांडगा म्हणत. कोणी विसरून आईच्या भाषेंत बोलला तर हा लांडगा त्याचें नांव टिपून ठेवी, आणि पुढें गुरुजी छडीनें तो हिशेब चुकता करीत. एके दिवशीं सकाळच्या वेळांत मार्टिनला १५ वेळां मार बसला. जो धडा त्याला शिकविलाच नव्हता तो त्याला येत नव्हता, इतकाच त्याचा अपराध. ही आठवण तो म्हातारपणींही सांगत असे. घरची भाषा तोंडांतून निघाली म्हणून ज्या मुलाला शिक्षा होत असे, त्याच मुलानें पुढें त्या भाषेला देवाच्या वचनाचें आसन दिलें.

१४९७ सालीं त्याला माग्डेबुर्ग येथें शाळेंत पाठविलें. हें शहर सखल बोलीचें. तेथें आपल्या घरचे शब्द बोलून काम भागत नाहीं हें त्याला कळलें असावें. पुढच्याच वर्षीं तो आइसेनाख येथें, आईच्या माहेरगांवीं, आला. तेथें दुसऱ्या गरीब विद्यार्थ्यांप्रमाणें तो दारोदार गाणीं म्हणून भाकर मिळवी. एका भल्या कुटुंबानें त्याला आश्रय दिला. १५०१ सालीं तो एरफुर्टच्या विद्यापीठांत गेला. बापाची इच्छा त्यानें वकील व्हावें अशी होती. परंतु १५०५ च्या जुलैंत वादळांत सांपडून जवळच वीज कोसळली असतां त्यानें संन्यासी होण्याचा नवस केला, आणि थोड्याच दिवसांनीं तो ऑगस्टीनच्या मठांत शिरला. मठाच्या कामासाठीं १५१० च्या सुमारास तो रोमास पायीं गेला. त्या वाटेंत दक्षिण जर्मनीच्या बोली त्याच्या कानीं पडल्या. १५१२ सालीं तो विटेनबर्ग येथें धर्मशास्त्राचा आचार्य झाला. तेथें विद्वान लोक लॅटिन बोलत, आणि बाजारांत सखल बोलीचा सूर ऐकूं येई. याप्रमाणें तिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या कानांनीं जवळजवळ साऱ्या जर्मनीची यात्रा केली होती.

१५१७ च्या ३१ ऑक्टोबर रोजीं पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध त्यानें आपले ९५ मुद्दे प्रसिद्ध केले. वाद वाढत गेला. १५२१ च्या एप्रिलांत वोर्म्स येथें बादशहापुढें त्यानें आपले लेख मागें घेण्याचें नाकारिलें. त्याच्या जिवाला धोका उत्पन्न झाला, तेव्हां साक्सनीचा अधिपति फ्रेडरिक यानें त्याला वाटेंतून पळविल्याचें सोंग करवून वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपवून ठेविलें. संन्याशाचे कपडे टाकून, दाढी वाढवून, तो सरदाराच्या वेषांत व खोट्या नांवानें तेथें राहिला. हा किल्ला आइसेनाख शहराच्या माथ्यावरच आहे. खिडकीखालीं आईचें माहेर, आणि मेजावर ग्रीक नवा करार, असा योग त्या हिंवाळ्यांत जुळून आला. डिसेंबर १५२१ च्या सुमारास त्यानें भाषांतरास हात घातला, आणि अवघ्या ११ आठवड्यांच्या सुमारास साऱ्या नव्या कराराचा पहिला खर्डा पुरा केला.

जर्मन भाषेंत पवित्र शास्त्र पूर्वीं छापलेंच नव्हतें असें नाहीं. १४६६ पासून त्याच्या १८ आवृत्त्या निघाल्या होत्या. पैकीं १४ डोंगरी प्रांतांच्या बोलींत व ४ सखल बोलींत. परंतु तीं भाषांतरें मूळ भाषांवरून नव्हे, तर लॅटिनवरून केलेलीं होतीं. आणि त्यांतील वाक्यें लॅटिनच्या पावलावर पाऊल ठेवून चालत. शब्द जर्मन, पण बोलण्याची तऱ्हा परकी. घरांतल्या बाईनें तें वाचून दाखविलेलें ऐकिलें तर प्रत्येक शब्द ओळखीचा वाटावा, आणि अर्थ मात्र निसटून जावा.

लूथर यानें ही अडचण ओळखिली. १५३० सालीं भाषांतराविषयीं लिहिलेल्या एका जाहीर पत्रांत त्यानें आपली रीत सांगितली आहे. तिचें सार असें कीं, जर्मन कसें बोलावें हें लॅटिनच्या अक्षरांना विचारून कळावयाचें नाहीं. तें घरांतल्या आईला, गल्लींतल्या पोरांना व बाजारांतल्या साध्या माणसाला विचारावें, त्यांच्या तोंडाकडे लक्ष द्यावें, आणि मग भाषांतर करावें. त्यानें उदाहरणेंही दिलीं आहेत. देवदूतानें मरीयेला जें अभिवादन केलें त्यांत, ती कृपेनें भरलेली आहे, अशी लॅटिनची शब्दरचना होती. लूथर म्हणतो कीं, भरलेली म्हटल्यानें जर्मन मनुष्याच्या डोळ्यांपुढें दारूचें पिंप किंवा पैशांची थैली उभी राहील. आपल्या घरीं कोणी कोणाला असें म्हणत नाहीं. म्हणून त्यानें गोड व लाडका असा भाव दाखविणारा घरगुती शब्द घातला.

घरची बोली वापरणें म्हणजे तोंडांत येईल तें लिहिणें, असें मात्र त्यानें मानिलें नाहीं. १५२२ च्या मार्च महिन्यांत त्यानें राजदरबारांतील आपला मित्र स्पालाटीन यास लिहिलें कीं, अडलेल्या जागीं मला शब्द सुचवा, पण ते साधे असूं द्या. किल्ल्यांतले व दरबारांतले शब्द नकोत, कारण हें पुस्तक साधेपणानेंच शोभावयाचें आहे. त्याच पत्रांत त्यानें प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायांतील रत्नांविषयीं विचारपूस केली. त्यांचीं नांवें, रंग व रूप हीं खाणमजुराच्या मुलाला माहीत असण्याचें कारण नव्हतें. जुन्या करारांत यज्ञांच्या पशूंच्या आंतड्या-काळजाचे भाग आले, तेव्हां त्यानें एका खाटकाकडून मेंढरें कापवून प्रत्येक भागाचें नांव विचारून घेतलें, असें त्याच्या एका शिष्यानें लिहून ठेविलें आहे. आपल्याला जो शब्द येत नाहीं तो ज्याच्या धंद्यांतला आहे त्याच्या दारीं जाऊन विचारावा, यांत त्या विद्वानाला कमीपणा वाटला नाहीं.

घरचें नाणेंसुद्धां त्यानें शास्त्रांत आणिलें. मंदिराच्या भांडारांत गरीब विधवेनें दोन नाणीं टाकिलीं, या गोष्टींत त्यानें शेर्फलाइन असा शब्द घातला. शेर्फ हें एरफुर्टकडच्या बाजारांत चालणारें अर्ध्या पैशाचें नाणें होतें. आपण दमडी म्हणावें तसें. तें नाणें कधींच बंद पडलें. परंतु आपल्या ऐपतीप्रमाणें दिलेल्या लहानशा देणगीला जर्मन लोक अजूनही याच नांवानें ओळखतात.

हा नवा करार १५२२ च्या सप्टेंबरांत विटेनबर्ग येथें छापून निघाला. सुमारें ३००० प्रती काढिल्या होत्या. त्या तीन महिन्यांत खपल्या, आणि डिसेंबरांत दुसरी आवृत्ति काढावी लागली. आतां खरी परीक्षा पुढेंच होती. मधल्या पट्ट्यांतल्या माणसानें लिहिलेलें हें पुस्तक दूरच्या मुलखांत समजेल काय?

दक्षिणेस, राईन नदीच्या कांठीं, बासेल शहर आहे. तेथला छापणारा आदाम पेत्री यानें हा करार लगेच आपल्या छापखान्यांत छापिला. पुस्तक खपूं लागलें; पण गिऱ्हाइकांना कांहीं शब्द अडूं लागले. तेव्हां १५२३ च्या मार्च महिन्यांतील आवृत्तींत पेत्री यानें सुमारें २०० शब्दांची यादी जोडिली: लूथरचा शब्द एकीकडे, व आपल्या मुलखांतला शब्द दुसरीकडे. ओंठाला लूथर लिप्पे म्हणे. बासेलकडे लेफ्त्से म्हणत. नदीच्या कांठाला लूथरचा शब्द उफर, त्यांचा गेश्टाड. टेंकडीला लूथरचा ह्यूगेल, त्यांचा ब्यूहेल. कपड्यांना लागणाऱ्या कसरीला लूथरचा मोट्टे, त्यांचा शाबे. मडक्याला लूथर टोप्फ म्हणे, आणि बासेलकर हाफेन म्हणत. त्यांतही गंमत अशी कीं, उत्तरेस समुद्रकांठीं हाफेन याचा अर्थ बंदर असा होतो. भावाच्या डोळ्यांतील कुसळाचा दाखला प्रभूनें दिला आहे. त्या कुसळाचें नांवही दोन मुलखांत दोन प्रकारचें निघालें.

या यादीकडे पाहून कोणाला हसूं येईल. परंतु तिच्यांतील शब्द पुन्हां एकदां पाहावे. ओंठ, नदीकांठ, टेंकडी, मडकें, कसर. देवाचें सार्वभौमत्व, विश्वास, तारण असल्या मोठ्या शब्दांपाशीं वाचक जितका अडावा, तितकाच तो चुलीजवळच्या शब्दांपाशीं अडला. मोठे शब्द आपण सर्वजण उपदेशकापासून शिकतों, म्हणून ते बहुधा सर्वांचे सारखे असतात. मडक्याचें नांव मात्र आई शिकविते, आणि आया निरनिराळ्या मुलखांत राहतात.

लूथर यालाही हें ठाऊक होतें. जेवणाच्या मेजाजवळ बसून बोलतांना त्यानें एकदां सांगितलें कीं, जर्मनींत इतक्या बोली आहेत कीं थोड्या कोसांवर राहणाऱ्यांनाही एकमेकांचें नीट समजत नाहीं. म्हणून मी माझी अशी एखादी खास बोली चालवीत नाहीं, तर डोंगरी व सखल या दोन्ही मुलखांना समजेल अशी सामान्य भाषा घेतों, आणि साक्सनीच्या राजकचेरीच्या वळणानें लिहितों. त्या कचेरीचीं पत्रें सर्व संस्थानांत जात असल्यामुळें तिचें लिहिण्याचें वळण पुष्कळांना परिचयाचें झालें होतें. म्हणजे शब्दांची घडण व लेखनाची तऱ्हा त्यानें कचेरींतून घेतली, आणि त्यांत जीव घातला तो आईच्या घरांतून व बाजारांतून. नुसती कचेरीची भाषा कोरडी राहिली असती. नुसती मान्सफेल्डची बोली चार दिवसांच्या वाटेपलीकडे पोहोंचली नसती.

जुन्या कराराचें काम फार चिवट निघालें. ईयोबाच्या पुस्तकांत त्याला व त्याच्या सोबत्यांना कधीं कधीं चार दिवसांत तीन ओळीही पुऱ्या करितां आल्या नाहींत. एकेका शब्दासाठीं दोन दोन, तीन तीन आठवडे शोध चाले. संपूर्ण पवित्र शास्त्र १५३४ सालीं हान्स लुफ्ट याच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. पण तेथेंही लूथर थांबला नाहीं. तें सुधारण्यासाठीं तो आपल्या घरीं मंडळी जमवी. या मंडळींकडे जरा पाहावें. मेलांख्थोन हा नैर्ऋत्य जर्मनीचा. बुगेनहागेन हा उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या कांठचा, सखल बोलींत वाढलेला. क्रूसिगर हा लाइप्झिग शहरचा. औरोगाल्लुस हा बोहेमियाकडचा. कोणी ग्रीकमध्यें, कोणी हिब्रूमध्यें निपुण होता, हें तर खरेंच. परंतु त्याबरोबर प्रत्येकजण आपल्या आईची बोलीही घेऊन येत होता. आपल्याला जो शब्द सहज समजतो तो शेजाऱ्याला समजतो कीं नाहीं, हें अशा बैठकींत तात्काळ कळतें.

सखल मुलखांतील शेतकऱ्यांना इतक्यानेंही भागत नव्हतें. म्हणून बुगेनहागेन याच्या देखरेखीखालीं लूथरचें भाषांतर सखल बोलींत उतरविण्यांत आलें, आणि तें १५३४ सालींच ल्यूबेक शहरीं छापून निघालें. यांत लूथर यानें हेवा केला नाहीं. उलट त्याची त्याला संमति होती. ज्याला जी भाषा कळते तींत त्याला वचन मिळावें, हेंच त्याचें मागणें होतें. त्याचा विरोधी एमझर यानें १५२७ सालीं आपला नवा करार प्रसिद्ध केला, तेव्हां त्यानेंही बहुतेक शब्द लूथरचेच घेतले. लूथरला राग आला. पण लोक माझेंच भाषांतर माझ्या शत्रूच्या नांवानें वाचतात, यांत त्याला थोडें समाधानही वाटलें.

आतां या चरित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण सत्य झांकून कोणाचा गौरव करणें बरें नव्हे. घरांतून जशी गोडी येते तसा कडूपणाही येतो. खाणींतल्या रोखठोक बोलण्यानें लूथरच्या उपदेशाला धार आली. तीच धार कित्येक वेळां माणसांच्या अंगावर चालली. १५२५ सालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें. लूथर यानें प्रथम सरदारांनाही दोष दिला होता. परंतु पुढें बंडवाल्यांविरुद्ध त्यानें इतक्या निष्ठुर शब्दांत लिहिलें कीं, शेतकरी कुळांतल्या माणसानें शेतकऱ्यांविषयीं असें लिहावें याचें त्याच्या मित्रांनाही वाईट वाटलें. १५४३ सालीं यहूदी लोकांविषयीं त्यानें जें पुस्तक लिहिलें तें द्वेषानें भरलेलें आहे. त्या शब्दांचा पुढील काळांत दुष्ट लोकांनीं उपयोग केला, आणि लूथरच्या नांवाची मंडळीही आज त्या लेखांचा उघडपणें निषेध करिते.

बोलीच्या बाबतींतही तो नेहमींच उदार राहिला असें नाहीं. स्वित्झर्लंडांतील सुधारक ज्विंगली हा आपल्या डोंगरी मुलखाच्या जर्मनींत लिही व बोले. प्रभुभोजनाच्या प्रश्नावर दोघांचा मतभेद होता. त्या वादांत लूथर यानें ज्विंगलीच्या भाषेचीही टवाळी केली. ती समजतां समजतां मनुष्याला घाम फुटेल, असें त्याचें म्हणणें. १५२९ च्या ऑक्टोबरांत मारबुर्ग येथें दोघे समोरासमोर बसले. १५ कलमांपैकीं १४ कलमांवर त्यांचें एकमत झालें. तरी मनें जुळलीं नाहींत. बाजारांतल्या अनोळखी माणसाच्या तोंडाकडे एवढ्या आदरानें पाहणारा हा मनुष्य आपल्या विरोधकाच्या तोंडच्या बोलीला मात्र हसला. आपल्या घरचा शब्द तोच शुद्ध व दुसऱ्याचा तो गांवढळ, ही समजूत मोठ्या माणसालाही सोडीत नाहीं असें यावरून दिसतें.

१५२५ सालीं त्यानें काटारीना फोन बोरा हिच्याशीं विवाह केला होता. त्यांना सहा मुलें झालीं. पूर्वींच्या मठाचेंच घर झालें, आणि ज्या आईला व ज्या पोरांना भाषा विचारावी असें तो सांगे, तीं त्याच्या स्वतःच्याच घरांत वावरूं लागलीं. शेवटच्या वर्षांत त्याची प्रकृति ढासळली. १५४६ च्या जानेवारींत मान्सफेल्डच्या सरदार घराण्यांतील तंटा मिटविण्यासाठीं तो आपल्या बाळपणीच्या मुलखांत गेला. त्या तंट्यांत खाणींचाही प्रश्न होता. समेट घडला, पण त्याला परत येणें झालें नाहीं. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं तो आइस्लेबेन येथेंच मरण पावला. ज्या गांवीं त्याच्या कानीं पहिला शब्द पडला, त्याच गांवीं त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द निघाला. त्याला विटेनबर्गच्या किल्ल्याच्या मंदिरांत पुरिलें आहे.

त्यानंतर त्याच्या शब्दांचें काय झालें? बासेलच्या यादीची गरज हळूहळू उरली नाहीं. घरोघर तेंच पुस्तक वाचिलें जाऊं लागल्यामुळें दक्षिणेकडील मुलेंही लिप्पे, उफर, ह्यूगेल हे शब्द शिकलीं, आणि आज ते छापील जर्मन भाषेंत सर्वत्र चालतात. दक्षिणेच्या कित्येक घरांत मडक्याला मात्र अजून हाफेन म्हणतात. परंतु सखल बोलीला या लाभाची किंमत द्यावी लागली. लूथरची जर्मन भाषा मोठी होत गेली, तसतशी उत्तरेकडील देवळांत व शाळांत तीच चालूं लागली. सखल बोलींतील जुन्या पवित्र शास्त्राची शेवटली आवृत्ति १६२१ च्या सुमारास निघाली. मग उत्तरेच्या शेतकऱ्यानें घरीं एका भाषेंत बोलावें व देवळांत दुसऱ्या भाषेंत प्रार्थना करावी, असें झालें. ज्या मुलाला शाळेंत आईच्या भाषेसाठीं मार खावा लागला होता, त्याच्याच पुस्तकामुळें दुसऱ्या कित्येक मुलांच्या आईची भाषा देवळाबाहेर राहिली. हें त्यानें इच्छिलें नव्हतें. पण घडलें खरें.

आमच्या महाराष्ट्रांतही हा प्रश्न उठल्यावांचून राहिला नाहीं. १८११ सालीं बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांनीं मराठी नवा करार छापिला. त्यांचे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरचे. मुंबईकडील मिशनऱ्यांना त्यांतील भाषा इकडच्या लोकांच्या बोलण्याहून निराळी वाटली, आणि अमेरिकन मिशननें आपलें भाषांतर करून १८२६ सालीं मुंबईस नवा करार छापिला. पुढें पंडिता रमाबाई यांनीं, ज्यांना संस्कृत आईच्या तोंडून मिळालें होतें, केडगांव येथें आयुष्याचीं शेवटलीं वर्षें खर्च करून सामान्य स्त्रियांना कळावें म्हणून साध्या मराठींत संपूर्ण शास्त्राचें भाषांतर केलें.

आमच्या मंडळ्यांतून कोणी देशावरचे, कोणी कोंकणांतले, कोणी खानदेशांतले असे लोक एका बांकावर बसतात. उपासनेनंतर एखादी म्हातारी प्रार्थनेंत आपल्या गांवचा शब्द बोलली म्हणून तरुण मंडळी मागें हसतात, हें आपण पुष्कळदां पाहिलें आहे. अशा वेळीं हसण्याऐवजीं तिला त्या शब्दाचा अर्थ विचारावा. लूथर यानें आपलें सर्वांत मोठें काम असेंच विचारून केलें. आणि जेथें तो विचारावयाचें सोडून हसला, तेथें त्याचें काम अडलें.